फुल्यांचा विदूषक वर्गात

प्रश्न : आठवी-नववीला नाटकाचा पाठ आला की मी संवाद वाचून दाखवते, अर्थ सांगते आणि वर्ग गप्प बसून राहतो. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी गोंडी किंवा तेलुगू बोलतात. मोबाईलवर मात्र हीच मुलं रील बघत रमतात. त्याच मोबाईलच्या मदतीने नाटक शिकवता येईल का?
– एक मराठी शिक्षिका, उटनूर (तेलंगणा)

उत्तर : येईल, पण मोबाईल सर्वांत शेवटी बाहेर काढा. आधी बाकं भिंतीकडे सरकवा.

बाई, तुमच्या मुलांना नाटक नवं नाही. दिवाळीच्या दिवसांत तुमच्याकडे दंडारी, म्हणजे गोंडांचा नाचगाण्याचा ताफा, गावोगाव फिरते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी अंगणात उतरतात, नाचता नाचता सोंगं काढतात. मार्लवाईच्या कनकराजूंना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. वेश, ताल आणि भोवती जमलेलं गाव म्हणजे काय, हे ही मुलं पाहत मोठी झाली आहेत. पहिला तास त्यावरच बोलू द्या, गोंडीतही. गुसाडीचा वेश मात्र वर्गात उतरवू नका. त्यामागे गोंड समाजाची श्रद्धा आहे.

मग नाटक कोणतं घ्यायचं? मी जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ सुचवीन. ते १८५५ सालचं आहे. त्यात एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला कर्जात लोटतो. शेवटी ते दोघं शिकायचं ठरवतात. आणि मधूनमधून एक विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो. शिक्षकाच्या दृष्टीने हा विदूषक म्हणजे खजिनाच आहे. प्रवेश वाचता वाचता थांबा आणि विचारा, ‘विदूषक इथे काय म्हणेल?’ प्रत्येकाने एक वाक्य लिहावं, मराठीत, तेलुगूत, गोंडीत, जमेल त्या भाषेत. पाठ कळला की नाही, हे त्या एका वाक्यावरून लगेच समजतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जोशी होऊन खुर्चीत बसा आणि मुलांना उलटतपासणी घेऊ द्या. शिक्षकानेच पात्र होण्याची ही रीत इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी आयुष्यभर वापरली. बाई खोटं बोलताहेत आणि आपण त्यांना पकडायचं, हे कळल्यावर मागच्या बाकावरचाही हात वर येतो.

आता मोबाईल. जोशी आणि कुणबी यांच्यात व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलणं झालं असतं, ते मुलांना आधी वहीत लिहू द्या. घरोघरी फोन नसेल तरी हे जमतं. भीती घालणारे, ‘दहा जणांना पाठवा’ म्हणणारे मेसेज मुलांनी पाहिलेले असतात. जोशीची युक्ती त्यांना तिथेच ओळखू येईल. त्यानंतर एका प्रवेशाचं फक्त ध्वनिमुद्रण करा. चेहरा दिसत नाही म्हणून लाजरी मुलंही बोलतात, आणि स्वतःचा आवाज ऐकून उच्चार आपणहून सुधारतात. रीलमध्ये बहुतेक वेळ केस आणि कपडे सावरण्यातच जातो.

हे ध्वनिमुद्रण वर्गाच्या आणि पालकांच्या गटातच ठेवा. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालच्या मुलांना खातंच उघडता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. दुसरी अडचण लेखनाच्या हक्काची. शाळेच्या उपक्रमात, शाळेशी संबंधित प्रेक्षकांपुढे नाटक करायला कायद्याने सूट आहे. तेच जगासमोर टाकलं की ती सूट धरून चालता येत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सार्वजनिक करायचं तर परवानगी लागेल. फुले १८९० मध्ये गेले. तरी त्यांचं नाटकही सार्वजनिक करण्याआधी हक्काची खात्री करून घ्या.

एक प्रवेश करून पाहा आणि काय झालं ते कळवा. पालकांची हरकत नसेल, तर मुलांनी लिहिलेली विदूषकाची वाक्यंही जरूर पाठवा.