मंडळातील मतभेद

चार माणसे एकत्र आली की चार विचार एकत्र येतात. शाळेतील वाङ्मय मंडळ असो, क्रीडा मंडळ असो, की विद्यार्थ्यांनी चालविलेले वस्तुभांडार असो. सभासदांत कधी ना कधी मतभेद व्हावयाचाच. ज्या मंडळात तो कधीच होत नाही, तेथे बहुधा एकटा बोलत असतो आणि बाकीचे माना डोलावीत असतात. मतभेद होणे वाईट नाही. तो कसा मांडला जातो आणि कसा मिटविला जातो, यावर मंडळाचे भवितव्य अवलंबून असते.

एका शाळेतील हस्तलिखित मासिकाचे उदाहरण घेऊ. सातवीतील एका मुलीने मासिकासाठी कविता दिली होती. अंक वाचनालयात ठेवण्यात आला, तेव्हा तीत तिची कविता नव्हती. ती सर्वांसमक्ष म्हणाली, “संपादक आपल्या मित्रांचेच लेखन घेतो.” संपादकही चिडून उत्तरला, “तुझ्या कवितेत घेण्यासारखे होतेच काय?” झाले! दुसऱ्या दिवशी मंडळात दोन तट पडले. चित्रे काढणाऱ्या मुलांनी कुंचले खाली ठेवले आणि पुढील अंकाचे काम अडले.

मंडळाचा चिटणीस कोणत्याच बाजूस मिळाला नाही. तो दोघांना वेगवेगळे भेटला. “कोण वाईट आहे ते नंतर पाहू, आधी काय घडले तेवढेच सांग,” असे तो प्रत्येकास म्हणाला. तेव्हा कळले, की कविता मुदत संपल्यावर आली होती; परंतु मुदतीची तारीख फळ्यावर लिहिलीच गेली नव्हती. कविता का गाळली, हेही त्या मुलीस कोणी सांगितले नव्हते.

मग तिघे एकत्र बसले. चिटणिसाने एकच अट घातली. आपली बाजू मांडण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याची तक्रार स्वतःच्या शब्दांत सांगावी, आणि ती बरोबर सांगितली असे दुसऱ्याने मान्य करावे. ही अट सोपी नव्हती. संपादकास ती दोनदा प्रयत्न करून साधली. परंतु ते बोलत असतानाच त्याला उमगले, की मुलीचे दुःख कविता न छापल्याचे नव्हते, तर कोणी एका शब्दानेही न विचारल्याचे होते. त्याने आपली चूक कबूल केली. ती मुलगी म्हणाली, “पक्षपाताचा आरोप मी पुराव्यावाचून केला, आणि तोही चारचौघांत. आता चारचौघांतच तो मागे घेते.”

पुढील सभेत तसे घडले. शिवाय मुदतीची तारीख फळ्यावर लिहावी आणि लेखन परत करताना कारण कळवावे, असे दोन ठराव मंजूर होऊन इतिवृत्तात नोंदले गेले. ज्या अंकात कविता यावयाची होती, तीत ती आली नाही, याचे त्या मुलीस वाईट वाटलेच. सर्वांचे सर्व मनासारखे होते, असे नाही. परंतु आपल्यावर अन्याय झालेला नाही, अशी खात्री पटली की माणूस पुन्हा कामास लागतो.

लहानांच्या मंडळात जे घडते, तेच थोरांच्या संस्थांतही घडते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्यार्थिमित्र. दोघांचाही जन्म १८५६ सालच्या जुलै महिन्यातला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, त्याच्या कार्यात हे दोघेही होते. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली.

असे जिवलग मित्र; तरी त्यांचे मार्ग निराळे झाले. समाजसुधारणा आधी झाली पाहिजे व तीसाठी प्रसंगी कायद्याचेही साहाय्य घ्यावे, असे आगरकरांना वाटे. परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, असे टिळकांचे मत होते. त्यातच सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरची कामे व प्राप्ती करावी की नाही, असे कारभाराचे वाद उठले. आगरकर १८८७ साली ‘केसरी’तून बाहेर पडले व पुढील वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर कठोर टीका होऊ लागली. तत्त्वाचा वाद आणि मनातील सल यांची अशी सरमिसळ झाली, की एक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे ओळखणे कठीण झाले. १८९५ साली आगरकर वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी निवर्तले. तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहून आपल्या जुन्या मित्राचा गौरव केला. तो गौरव ऐकण्यास मित्र मात्र उरला नव्हता.

दोघेही आपापल्या तत्त्वांशी प्रामाणिक होते. म्हणून महाराष्ट्र दोघांनाही मानतो. तत्त्व सोडावे, असा या कथेचा बोध नाही. तत्त्व राखूनही दुसऱ्याविषयीचा चांगला शब्द वेळीच बोलावा, हा तिचा बोध आहे.

यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तक्रार प्रथम ज्याची असेल त्याच्याशीच, एकांतात बोलावी. बोलणे कृतीविषयी असावे, माणसाविषयी नसावे. रागाच्या भरात निर्णय घेऊ नये. सभेत अध्यक्षांच्या अनुमतीने बोलावे व बहुमताचा निर्णय पाळावा. बहुमताने अल्पमताची थट्टा करू नये. मात्र कोणी मारहाण करीत असेल, धमकी देत असेल, किंवा मंडळाच्या पैशांत अफरातफर होत असेल, तर ते आपापसांत झाकून ठेवू नये. अशा वेळी शिक्षकांस सांगणे ही चुगली नव्हे; ते कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. चिटणिसाने दोघांना घातलेली अट कोणती? तिचा काय परिणाम झाला?
२. टिळक व आगरकर यांच्यात कोणकोणत्या बाबतींत मतभेद होते?
३. ‘चुगली’ आणि ‘कर्तव्य’ यांतील फरक एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : माना डोलावणे, तट पडणे, सरमिसळ होणे.
५. तुमच्या वर्गाच्या एका सभेचे इतिवृत्त दहा ओळींत लिहा.