बरण्यांपुढे उभी राहशील तेव्हा

लंडनला हंटेरियन म्युझियम बघणार आहेस, तर आधी पोटभर खाऊन जा. माझी नोकरी अ‍ॅनाटॉमी शिकवण्यात गेली. डिसेक्शन हॉलमध्ये भोवळ येऊन पडणारी मुलं बहुतेक उपाशीपोटी आलेली असायची. गुडघे ताठ करून उभी राहू नकोस. कानात गुंई व्हायला लागलं, तर लाज न धरता खाली बैस.

जॉन हंटरने अठराव्या शतकात तिथले नमुने प्राण्यांप्रमाणे नाही, अवयवांच्या कामाप्रमाणे लावले. तेव्हा ‘माणूस कुठाय?’ करत पळू नकोस. पचन घे किंवा श्वास, आणि निरनिराळ्या प्राण्यांत तेवढंच बघत जा. दोन हजारांवर नमुने आहेत. सगळे बघायला गेलीस तर एकही धड दिसायचा नाही.

बरणीतला फिक्कट रंग खरा मानू नकोस, द्रावणात राहून तो उडालेला असतो. गोल काच वस्तू मोठी दाखवते, तेही ध्यानात ठेव. समोरच्या सांगाड्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येतो. पहिल्या वर्षाची मुलं इथेच हमखास चुकतात. कॉलरबोन, गुडघ्याची वाटी, जे दिसेल ते स्वतःच्या अंगावर चाचपून बघ. कुणी हसलं तर हसू दे.

एव्हलिन टेबल्स मात्र चुकवू नकोस. सतराव्या शतकात इटलीतल्या पादुआत माणसाच्या नसा आणि रक्तवाहिन्या सोडवून लाकडी फळ्यांवर चिकटवल्या, त्या ह्या. तिथे घाई करशील तर मला वाईट वाटेल.

आणि देह दिलेला आहे की घेतलेला, हे विचारत जा. चार्ल्स बर्न हा साडेसात फुटी आयरिश माणूस 1783 मध्ये वारला. आपला देह समुद्रात सोडावा, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. हंटरने तो मिळवला, आणि सांगाडा पुढे दोन शतकं मांडून ठेवला गेला. 2023 मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढला होता. फार उशिरा, पण बरं केलं. आपण तरी कुठे मोठे शहाणे? देहदानाचे अर्ज भरून घेतो खरे, पण आपल्याकडच्या 1949 च्या कायद्याने बेवारस देहही आमच्या टेबलावर यायचे. त्यांना कुणी विचारलं होतं?

तुझ्या नणंदेला बरोबर नेणार असशील, तर तिथे गर्भाचेही नमुने आहेत हे तिला आधीच सांग. मागच्या वर्षी तिचं जे झालं, त्यानंतर अचानक समोर यायला नको. नको म्हणाली, तर समोर लिंकन्स इन फील्ड्सची बाग आहे, तिथे बसू दे.