केळीचे खोड : टाकाऊ नव्हे, कच्चा माल

तापीकाठचे बऱ्हाणपूर हे शहर मध्य प्रदेशात असले तरी जळगाव जिल्ह्याशी त्याचे नाते जवळचे आहे. रावेर ओलांडले की बऱ्हाणपूरचा मुलूख लागतो. जमीन तीच, नदी तीच, बोलीही बरीचशी तीच आणि पीकही तेच : केळी. दि. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा केळीसाठी देशभर ओळखला जातो. या पिकातून दरवर्षी निघणाऱ्या खोडांचे काय करावे, हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बागायतदारांपुढे सारखाच आहे.

केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की त्या झाडाचे काम संपते आणि बुंध्याशी राखलेल्या पिलावर पुढील बाग उभी राहते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने लागवड केल्यास एका हेक्टरात ४,४४४ झाडे बसतात. एका खोडाचे वजन केवळ १५ किलो धरले तरी हेक्टरी सुमारे ६६ टन माल शिल्लक राहतो. तो तोडून बांधावर, रस्त्याच्या कडेला अथवा नाल्यात टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यासाठी मजुरी व वाहतूक यांचा खर्च बागायतदारासच सोसावा लागतो. नाल्यात पडलेली खोडे पावसाळ्यात प्रवाह अडवितात, कुजून दुर्गंधी पसरवितात. ढिगांत सोंडकिड्यास आश्रय मिळतो.

खोडात असते काय?

केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळले जाऊन ते बनलेले असते. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात चिवट धागा, मऊ चोथा आणि क्षार असतात. क्षारांत पालाश प्रमुख आहे. केळी हे पालाशची मोठी भूक असलेले पीक होय. म्युरेट ऑफ पोटॅश या खतासाठी आपला देश आयातीवर अवलंबून आहे. बागायतदार हे खत विकत आणून जमिनीत घालतो, झाड ते शोषून घेते आणि त्याचा मोठा हिस्सा खोडात व पानांत साठतो. खोड शेताबाहेर फेकणे म्हणजे पैसे मोजून घेतलेले खतच नाल्यात फेकणे होय.

तीन भाग, तीन उपयोग

खोडाचे सोपट सुटे करून यंत्राच्या फिरत्या पात्यांखाली धरले की चोथा व रस वेगळे होतात आणि धागा हाती येतो. तो धुऊन, वाळवून, विंचरून ठेवतात. शंभर किलो ताज्या खोडापासून साधारणतः एक किलो वाळलेला धागा मिळतो. म्हणजे वरील हिशेबाने हेक्टरी सुमारे ६६० किलो. दोर, चटया, टोपल्या, पिशव्या व हातकागद यांसाठी तो उपयोगी पडतो. फिलिपाईन्समधील ज्या दोरांना जगभर ‘मनिला दोर’ म्हणतात, ते केळीच्याच कुळातील अबाका या झाडाच्या धाग्याचे असतात. जपानच्या ओकिनावा बेटावर केळीकुळातील धाग्यापासून वस्त्र विणण्याची जुनी परंपरा आहे.

निघालेल्या रसापासून पिकांसाठी द्रवरूप खत तयार करण्याची रीत गुजरातमधील नवसारी कृषी विद्यापीठाने विकसित केली आहे. चोथा शेणकाल्यात मिसळून त्याचे कंपोस्ट अथवा गांडूळखत करता येते.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. धागा हा मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो; पालाश पाण्यात विरघळणारे असल्याने रसात व ओल्या चोथ्यात राहते. म्हणून धागा बाजारात गेला आणि रस व चोथा शेतात परतले, तर जमिनीचे नुकसान फारसे होत नाही आणि पदरी उत्पन्न पडते. एका कामाचा टाकाऊ भाग दुसऱ्या कामाचा कच्चा माल व्हावा, यालाच आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी बारावे उद्दिष्ट याच विचाराचे आहे.

नेपानगरचा धडा

याच जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना हे या विचाराचे दुसरे उदाहरण होय. वृत्तपत्रीय कागद तयार करणारा हा देशातील पहिला कारखाना. तेथे १९५५ साली उत्पादन सुरू झाले आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. आरंभी त्याची भिस्त जंगलातील सलई व बांबूवर होती. पुढे कारखाना रद्दी कागदाकडे वळला. नूतनीकरणासाठी २०१६ पासून थांबलेले उत्पादन २०२२ साली पुन्हा सुरू झाले. रद्दीचा लगदा करून त्यात साबणासारखी द्रव्ये व हवेचे बुडबुडे सोडतात; शाई फेसाबरोबर वर येते व काढून टाकली जाते. जे काम पूर्वी झाड तोडून होई, ते आता घराघरांतील रद्दीवर होते.

सावधगिरी

खोडाचा उद्योग आरंभण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार अवश्य करावा. खोडात बहुतांश पाणीच असल्याने ते दूर वाहून नेणे परवडत नाही; यंत्र बागेजवळ असावे. खोड ताजे असतानाच धागा काढावा. विलंबाने तो काळवंडतो. एकट्याने यंत्र घेण्यापेक्षा बचत गटाने अथवा सहकारी संस्थेने ते घेणे हिताचे ठरते. धाग्यास ग्राहक कोण व कोणत्या दराने, हे आधी निश्चित करावे. अन्यथा खोडाच्या ढिगाऐवजी धाग्याचा ढीग पडेल. मर अथवा विषाणूजन्य रोगाची झाडे या कामी मुळीच वापरू नयेत. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. ज्यांना यंत्र शक्य नाही, त्यांनी निरोगी खोडांचे तुकडे करून बागेतच कुजवावेत. पालाश तरी घरचे घरी राहील.

शाळांतून हा विषय सहज शिकविता येईल. एक किलो खोडाचा तुकडा तोलून उन्हात पूर्ण वाळवावा व पुन्हा तोलावा. किती पाणी गेले, किती सुका भाग उरला, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत मांडावा. ग्रामपंचायतींनी खोडे टाकण्याच्या जागा मोजून गावातील एकूण खोडांचा अंदाज घेतल्यास उद्योगाचा आकारही ठरविता येईल. घडाचा भाव बाजार ठरवितो. खोडाचे मोल मात्र गावालाच ठरवावयाचे आहे.