धूर पकडायचा की धूरच टाळायचा?



यंदा नववी-दहावीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता : ‘कोळशाचा धूर पकडून जमिनीत गाडावा, की सूर्य-वाऱ्याची वीज वाढवावी?’ परीक्षक या नात्याने आम्ही सूर्य-वाऱ्याची बाजू मांडणाऱ्या संघाला प्रथम क्रमांक दिला. ‘देशातील निम्मी वीज आता कोळशाशिवाय तयार होते’ या त्यांच्या वाक्याला टाळ्याही खूप मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर नववीची एक विद्यार्थिनी जवळ आली आणि म्हणाली, “सर, मग रात्री दिवे कशावर लागतात?”

घरी जाऊन आकडे ताडून पाहिले. ते वाक्य चुकीचे होते आणि आम्ही त्याला गुण दिले होते. बक्षीस परत घ्यायचे नाही, पण चूक दुरुस्त व्हायला हवी. म्हणून हा पाठ.

पटसंख्या आणि हजेरी

२०२५ साली भारतातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा, म्हणजे सौर, पवन, जल, अणू इत्यादींचा वाटा निम्म्यावर पोहोचला, हे खरे आहे. परंतु क्षमता म्हणजे वर्गाची पटसंख्या; प्रत्यक्ष तयार झालेली वीज म्हणजे हजेरी. सौर पॅनेल रात्री गैरहजर, ढगाळ दिवशी अर्ध्या सुट्टीवर. वर्षाची सरासरी काढली तर त्याची हजेरी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी भरते. कोळशाचे केंद्र मात्र रात्रंदिवस चालू शकते. त्यामुळे पटावर निम्मे असूनही, प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशाचीच आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आता दुसरी बाजू म्हणेल, “मग कोळसा राहू द्या, धूर तेवढा पकडा.” तेही तपासून पाहू.

धूर पकडतात तरी कसा?

चिमणीकडे जाणारा वायू अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मग द्रावण वाफेने तापवले की तो वायू शुद्ध रूपात वेगळा होतो. त्याला दाबून दाट करतात, नळाने नेतात आणि जमिनीखाली ८०० मीटरहून खोल, सच्छिद्र खडकात सोडतात. वर न झिरपणाऱ्या खडकाचे झाकण असावे लागते.

यात अडचण कुठे आहे? द्रावण तापवायला वाफ लागते आणि वायू दाबायला वीज. दोन्ही त्याच केंद्रातून घ्यावी लागतात. त्यामुळे केंद्राच्या विजेतील पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक धूर पकडण्यातच खर्ची पडतो. तितक्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो.

दोन अनुभव

कॅनडातील सास्काचेवान प्रांतात बाउंड्री डॅम नावाचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. त्याच्या एका संचावर ऑक्टोबर २०१४ मध्ये धूर पकडण्याची यंत्रणा सुरू झाली. मोठ्या वीजकेंद्रावर बसवलेली अशी ही जगातील पहिलीच. खर्च एक अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक. उद्दिष्ट होते वर्षाला १० लाख टनांचे. या हिशेबाने २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ८० लाख टनांहून अधिक वायू पकडला जायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे ५० लाख टन पकडला गेला. त्यातील बराचसा वायू जुन्या विहिरींतून आणखी खनिज तेल वर काढण्यासाठी विकला गेला. २०१८ मध्ये त्याच केंद्राच्या पुढील दोन संचांवर ही यंत्रणा न बसवण्याचा निर्णय झाला.

दुसरा अनुभव नॉर्वेचा. तेथे १९९१ पासून समुद्रातील तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लागू झाला. स्लाइपनर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त असल्याने, विकण्यापूर्वी तो वेगळा करावाच लागत होता. हवेत सोडला तर कर. म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडू लागले, वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत. ही योजना अनेक वर्षे नीट चालली. वायू आधीच वेगळा होत होता, जागा जवळ होती आणि न गाडण्याची किंमत मोजावी लागत होती. धूर गाडणे अशक्य नाही, पण ते कुठेही आणि फुकट होत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

याच काळात सौर विजेचे काय झाले? आपल्याच मध्य प्रदेशात, रीवा येथील ७५० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी २०१७ मध्ये बोली लागली, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर प्रति युनिट २ रुपये ९७ पैसे ठरला. तोवर सौर वीज महाग, अशीच सर्वांची समजूत होती. त्या प्रकल्पाची वीज दिल्ली मेट्रोलाही मिळते. २०१० ते २०१९ या काळात जगात सौर विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी घटला, असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. लिथियम बॅटरीचा खर्चही जवळजवळ तितकाच उतरला, आणि रात्रीच्या दिव्यांची गाठ बॅटरीशी व पाणी वर चढवून साठवणाऱ्या जलविद्युत योजनांशी आहे.

सिमेंटचा प्रश्न वेगळा

तर मग धूर पकडण्याची विद्या निरुपयोगी का? नाही. दहावीचे रसायनशास्त्र आठवा. चुनखडी भाजली की चुना व कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ ग्रॅम चुना आणि ४४ ग्रॅम वायू निघतो. भट्टी सौर विजेवर चालवली तरी हे ४४ ग्रॅम सुटणारच, कारण ते इंधनातले नसून दगडातले आहेत. येथे पॅनेल कामाचे नाही. म्हणूनच नॉर्वेतील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली. २०२३ च्या दुबई हवामान परिषदेच्या ठरावातही २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट करण्याचे आवाहन आहे, आणि कार्बन पकडण्याचा उल्लेख विशेषतः अशा अवघड उद्योगांसंदर्भात आहे.

आमचे मत

प्रश्न ‘हे की ते’ असा विचारला, हीच आमची पहिली चूक होती. कोणत्या कामासाठी काय, असे विचारायला हवे होते. जे काम सूर्य, वारा व साठवण यांनी होते, तेथे पैसा आधी त्यांत घालावा. जेथे धूर वस्तूच्या घडणीतूनच निघतो, तेथे तो पकडण्याची विद्या शिकावी व वाढवावी. मात्र ‘उद्या पकडू’ या भरवशावर आज नवा धूर वाढवू नये. अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री करू, म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची गत आपण सारे जाणतो.

भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. आज दहावीत बसलेली मुले तेव्हा साठीच्या घरात असतील. आम्ही नसू. चुकीच्या निवडीचे बिल त्यांच्या हाती पडेल. म्हणून टाळ्यांसाठी आकडे सांगू नका, तपासून सांगा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून पंपाने येते. त्या पंपांच्या विजेसाठी महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये रोखे विकून सौर प्रकल्पाचा पैसा उभा केला. शाळेच्या छतावरील पॅनेलचा प्रस्ताव आपल्यासमोर आहे. शाळा भरते दिवसा आणि सूर्याची हजेरीही दिवसाच. हा मेळ चांगला आहे. पण मे महिन्यात भरपूर ऊन आणि शाळा बंद, तेव्हा त्या विजेचे काय करायचे, हेही आधी ठरवावे. त्यासाठी पुढील स्वाध्याय उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. शाळेचा वीजमीटर एक महिना रोज सकाळी व सायंकाळी वाचून दिवसाचा व रात्रीचा वापर वेगवेगळा लिहा. (नववी)

२. २५० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजल्यास किती कार्बन डायऑक्साइड निघेल? (दहावी)

३. वादविवादातील आपल्याच बाजूचे एक विधान निवडा आणि ते खरे आहे का, ते तपासून पाच ओळी लिहा. (सर्वांसाठी)

तिसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर वर दिलेच आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचे मनापासून अभिनंदन!

— प्राचार्य