वेष्टनावरील मजकूर आणि एक चमत्कारिक पथ्य

आपल्या संस्थेच्या अनेक घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे जाताना आपण फराळाचे डबे नेतो व तिकडील तयार पदार्थही कौतुकाने खातो. यास्तव तेथे आढळणाऱ्या एका विकाराची व त्याच्या पथ्याची ओळख आपणांस असावी, असे आम्हांस वाटते.

या विकारास ‘अल्फा-गॅल सिंड्रोम’ म्हणतात. अल्फा-गॅल ही एक शर्करा होय. गाय, डुक्कर, बकरा अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. मनुष्य, कोंबडी व मासे यांच्यात नसते. ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावल्यावर काहींच्या रक्तात या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे ती पोटात गेली की अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, प्रसंगी श्वास कोंडून जिवावर बेतते. हा त्रास बहुधा २ ते ६ तासांनी होतो. रात्री जेवून निजलेला माणूस मध्यरात्री घाबरून उठतो, आणि दोष जेवणाचा हे ध्यानात येत नाही. २००९ साली व्हर्जिनियातील संशोधकांनी मांसाहाराशी असलेला याचा संबंध प्रसिद्ध केला.

आता वेष्टनाकडे वळू. ‘लार्ड’ म्हणजे डुकराची चरबी, ‘टॅलो’ म्हणजे गुरांची. ‘जिलेटिन’ बहुधा जनावरांच्या हाडाकातड्यांचे असते. ते मार्शमेलोत, जेलीच्या गोळ्यांत, इतकेच काय, औषधाच्या कॅप्सूलमध्येही सापडते. कोंबडीच्या सॉसेजचे आवरण डुकराच्या आतड्याचे असू शकते. ‘नॅचरल फ्लेवर्स’, ‘ग्लिसरिन’, ‘स्टिअरेट’ ही नावे वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य दोन्ही असू शकतात; तेथे उत्पादकास विचारणे हाच मार्ग. अमेरिकन कायद्याने ॲलर्जीचे म्हणून जे ९ पदार्थ ठळक सांगावे लागतात, त्यांत मांस नाही. म्हणून ॲलर्जीची सूचना वाचून न थांबता घटकांची सबंध यादी वाचावी.

आपल्याकडे हिरवी खूण पाहिली की आपण निश्चिंत होतो. परंतु ती खूण शाकाहाराची आहे, या पथ्याची नव्हे. दूध, साय, खवा यांना ती मिळते, आणि काही रुग्णांस तेही सोसत नाहीत. आइस्क्रीममध्ये घालतात ते ४०७ क्रमांकाचे ‘कॅरागीनन’ समुद्रशैवालापासून निघते, तरी काहींस बाधते. उलट अंडी व मासे यांवर तपकिरी खूण असूनही ते या रुग्णास सहसा चालतात.

प्रत्येकाची सोसण्याची मर्यादा निराळी असते. म्हणून रक्ततपासणी करून वैद्यांनी जे वर्ज्य सांगितले असेल, त्याचीच यादी घरात लावावी. ओळखीचा पुडाही दर वेळी नव्याने वाचावा, कारण घटक बदलतात. आणि अशा घरी लाडू-बर्फी पाठविण्यापूर्वी तूप-खवा चालतो का, हे विचारावे. असे विचारण्यात संकोच कसला? प्रेमाने केलेला पदार्थ खाणाऱ्यास सुखाने पचावा, एवढीच तर आपली इच्छा असते.