जात्यावरची ओवी वर्गात आणताना

चौथी ते सातवीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात. साहित्य: एक मोबाइल, एक छोटा स्पीकर, वह्या आणि हातभर लांबीची काठी. पेटी-तबला कपाटातच राहू द्या.

१. ओव्या आधी घरी ऐका. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ या संकेतस्थळावर हा ठेवा फुकट ऐकायला मिळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या इथं टप्प्याटप्प्यानं येतात, गाणारीच्या नावागावासकट.

२. दोन-तीनच निवडा. सासुरवासाच्या ओव्या पहिल्या दिवशी नकोत. भाऊ-बहीण, पाऊस, विठ्ठल बरे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या मात्र जरूर घ्या. इथं सांगली जिल्ह्यात, कारंदवाडीच्या साखर कारखान्याचा ऊस तोडायला बीडकडून आलेल्यांची पोरं आष्ट्यातल्या वर्गात बसली असतील, तर ती बोली त्यांच्या घरची असते. एरवी गप्प बसणारं पोर त्या दिवशी इतरांना शब्दांचे अर्थ सांगेल. माझ्या मते हा पाठ गळीत हंगामातच घ्यावा, तो एवढ्यासाठी.

३. वर्गात आधी नुसतं ऐकवा, शब्द दाखवू नका. दुसऱ्यांदा ऐकताना मुलांनी कानावर पडेल ते लिहावं, मग छापील ओवीशी ताडून बघावं. गाताना ओळ मोडते, अर्धी पुन्हा येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ शिरतात. कागदावर यातलं काही नसतं. हे मुलांना स्वतः सापडू द्या, घाईनं सांगून टाकू नका.

४. आता दोघांना समोरासमोर बसवून काठी खुंट्यासारखी धरायला द्या. हात गोल फिरवत ओवी म्हणायची. दम कुठं घ्यायचा ते फेराच कळवतो. तंबोऱ्यांचं गाव मिरज शेजारीच, म्हणून तंबोऱ्याचं ॲप लावायचा मोह होईल. लावू नका. ओवीला जात्याची घरघर पुरते.

५. रविवारी मुलांनी आपल्या किंवा शेजारच्या आजीकडं जावं. आधी विचारायचं: गाणं टिपून घेऊ का, कुणाला ऐकवू? नको म्हणाली तर मोबाइल खिशात. हो म्हणाली तर पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर आणि तिच्यापासून दोन विती अंतरावर. मध्येच थांबली, हसली, तरी रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. पुढची ओवी बहुतेक वेळा तिथूनच येते.

६. वहीत तिचं नाव, माहेर, ओवी कुणाकडून शिकली आणि तारीख लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं असेल तर तेवढ्यासाठी पुन्हा विचारा.

बाई, गुरुजी, हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. रोज पहाटे दळण दळलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.