स्नानाच्या पाण्याचा हिवाळी हिशेब

महाराष्ट्रात घरे तापविण्याची वेळ सहसा येत नाही. निफाडची थंडीदेखील रजई-घोंगडीवर निभावते. हिवाळ्यात घरखर्च वाढतो तो मुख्यतः स्नानाच्या पाण्यापायी. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या कुटुंबात हा आकडा महिन्याकाठी ७५ युनिटांवर जातो. तापलेले पाणी टाकीत पडून राहिल्यास उष्णता वाया जाते, ती निराळीच. म्हणून स्नानापूर्वी थोडा वेळच गीझर चालू करावा व सर्वांनी लागोपाठ स्नाने उरकावीत.

जुन्या तांब्याच्या बंबाची रचना या दृष्टीने शहाणपणाची होती. विस्तवाची नळी मधोमध आणि सभोवार पाणी असल्याने उष्णता फारशी बाहेर जात नसे. शिवाय नारळाच्या करवंट्या, ढलप्या यांवर काम भागे.

छपरावर ऊन भरपूर मिळत असल्यास सौर जलतापक सर्वांत किफायतशीर ठरतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. पंपाची गरज नसते. टाकीला उष्णतारोधक वेष्टन असल्याने दुपारचे पाणी पहाटेपर्यंत ऊन राहते. संग्राहकाचे तोंड मात्र दक्षिणेकडे हवे.

गॅसवरील गीझर स्वस्त पडतो, परंतु तो बंद न्हाणीघरात बसविणे जिवावर बेतते. हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत सुगावा लागत नाही. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.